जुनी मराठी प्रेमगीतं ऐकायला शिकताना: नव्या श्रोत्यांसाठी

आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली तेव्हा घरच्या कार्यक्रमासाठी गाणी निवडायचं काम माझ्याकडे आलं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, पण घरात रेडिओ सतत चालू असायचा, त्यामुळे ही सगळी गाणी आपल्याला येतात असा माझा समज होता. यादीत पहिलंच घेतलं ‘तोच चंद्रमा नभात’. चंद्र आहे, चैत्रातली रात्र आहे, दोघांचा एकांत आहे, आणखी काय हवं? पाहुणे गेल्यावर पातेली आवरताना आई म्हणाली, “गाणं सुंदरच आहे गं. पण ते प्रेम ओसरल्याचं गाणं आहे. शब्द ऐकलेस का कधी?”

नव्हते ऐकले. त्या रात्री पहिल्यांदा शब्द समोर ठेवून ते गाणं लावलं. चंद्र तोच, रात्र तीच, समोर बसलेली तीही तीच, आणि तरीही पहिली धुंदी कुठे सापडत नाही. अख्खं गाणं ‘तोच’ आणि ‘तीच’ या दोन साध्या शब्दांवर उभं आहे आणि मी इतकी वर्षं फक्त ‘चंद्रमा’ ऐकत होते.

त्यानंतरच्या काही वर्षांत चाचपडत जे शिकले ते इथे क्रमाने मांडतेय. ज्यांना ही गाणी आवडतात पण नेमकं काय ऐकायचं ते कळत नाही, किंवा ज्यांना ती सगळी सारखीच वाटतात, त्यांच्यासाठी हे आहे. गाणं म्हणता येण्याची गरज नाही. राग ओळखता येण्याचीही नाही.

हाताशी काय हवं

- बरे हेडफोन. मोबाइलच्या स्पीकरवर व्यंजनं हरवतात, आणि या गाण्यांचा जीव व्यंजनांत असतो.
- गाण्याचे पूर्ण शब्द, शक्यतो स्वतःच्या हाताने लिहून काढलेले. ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळावर बहुतेक गाणी कवी, संगीतकार आणि गायकाच्या नावासह मिळतात.
- एक वही आणि पेन्सिल.
- शब्दकोश. ‘यामिनी’ म्हणजे रात्र हे माहीत नसेल तर अडायला होतं. मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश इंटरनेटवर मोफत चाळता येतो.
- रात्रीचा अर्धा तास. दिवसा, कामं करताना ऐकू नका असं नाही, पण शिकायचं असेल तेव्हा नुसतं बसा.

1. गाणं तिघांचं असतं, तिघांची नावं लिहा

आपण सर्रास म्हणतो, ‘अरुण दातेंचं गाणं’, ‘आशाचं गाणं’. ही सवय आधी मोडा. वहीत प्रत्येक गाण्यापुढे तीन नावं लिहायची: शब्द कोणाचे, चाल कोणाची, आवाज कोणाचा.

‘शुक्रतारा मंद वारा’ हे मंगेश पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल, आवाज अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचा. ‘भातुकलीच्या खेळामधली’ हेही पाडगावकर आणि दाते, पण चाल यशवंत देवांची. कवी तोच, गायक तोच, आणि तरीही दोन्ही गाण्यांची हवा वेगळी. का, हा प्रश्न तुम्हाला फक्त तीन नावं लिहिल्यावरच पडेल. दहा गाण्यांनंतर वही स्वतःच बोलायला लागते: सुरेश भटांचे शब्द पुन्हा पुन्हा हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत भेटतात, सुधीर मोघे आणि राम फाटक ही नावं बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या, आवाजाजवळ दिसतात.

भावगीत हा प्रकार मुळात कवितेतून आला हेही लक्षात असू द्या. भावगीताची सुरुवात बहुतेक जण ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशींनी ग्रामोफोनच्या तबकडीवर गायली तिथून मोजतात. पुढे गजाननराव वाटवे पेटी घेऊन कविता गायला बसायचे आणि गणेशोत्सवात लोक रस्त्यावर बसून त्या ऐकायचे. म्हणजे आधी कविता होती आणि चाल तिला शोधत आली. ऐकताना हाच क्रम ठेवला की बरंच सोपं होतं.

2. शब्द चालीशिवाय वाचा

हे अवघड जातं, कारण ओठांवर चाल आपोआप येते. तरी करा. बोलल्यासारखं, मोठ्याने, एकदा वाचा. कुठे थांबावंसं वाटतं तिथे पेन्सिलीने रेघ मारा. नंतर गाणं लावल्यावर संगीतकार त्याच जागी थांबलाय का, ते बघता येतं. जिथे तो तुमच्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी थांबला असेल तिथे गाण्याची किल्ली असते, असा माझा अनुभव आहे. यशवंत देव या सगळ्याला ‘शब्दप्रधान गायकी’ म्हणत आणि त्या नावाचं त्यांचं पुस्तकही आहे. थोडं पुढे गेल्यावर ते जरूर वाचा.

3. कोण बोलतंय, कुणाशी, आणि रात्र किती उरलीय

सगळ्या पायऱ्यांमधली हीच खरी. बाकी काही केलं नाहीत तरी एवढं करा.

या प्रेमगीतांत गोष्ट नसते, एक क्षण असतो. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन-साडेतीन मिनिटं मावत, तेवढ्यात गोष्ट सांगायला वेळही नव्हता. त्यामुळे कवी एकच क्षण धरतो आणि मुखडा (पुन्हा पुन्हा येणारी सुरुवातीची ओळ), दोन किंवा तीन अंतरे (मधली कडवी) एवढ्यात त्याला सगळ्या बाजूंनी उजेड दाखवतो. तो क्षण सापडला नाही तर गाणं म्हणजे चंद्र, वारा, चाफा यांची नुसती आरास वाटते.

क्षण शोधायला वहीत तीन प्रश्न लिहा: बोलणारं कोण? ऐकणारं कोण? वेळ कोणती?

‘सखी मंद झाल्या तारका’ घ्या. बोलणारा तो, ऐकणारी ती, पण ती तिथे नाही. वेळ? तारका मंद झाल्यात, म्हणजे उजाडायला आलंय. हे कळलं की पुढच्या ओळीतल्या ‘आता तरी’ या दोन शब्दांत अख्खी रात्र दिसायला लागते. त्याने संध्याकाळी वाट पाहिली, मध्यरात्री पाहिली, आणि आता चांदण्या विझताना विचारतोय. कवीने जागरणाचं वर्णन एका शब्दानेही केलेलं नाही. ‘आता तरी’ म्हटलं आणि काम झालं. ‘येशील का’ हा प्रश्न लागोपाठ दोनदा येतो. माझ्या कानाला पहिला तिला विचारलेला वाटतो आणि दुसरा स्वतःला.

‘मेंदीच्या पानावर’ मध्ये मी कैक वर्षं समजत होते की ती प्रियकराशी बोलतेय. ओळीच्या शेवटी ‘गं’ आहे! ती मैत्रिणीला सांगतेय. जे त्याला सांगता येत नाही ते मैत्रिणीला सांगायचं, म्हणून त्या आवाजात तो मोकळेपणा आहे. आता याच्या शेजारी ‘मालवून टाक दीप’ ठेवा. दोन्हीकडे सुरेश भट, हृदयनाथ, लता मंगेशकर, पण इथे ती थेट त्याच्याशी, ‘राजसा’ म्हणून बोलते, आणि दिवा विझवायला सांगते. एकाच आवाजात ‘गं’ची भाषा आणि ‘राजसा’ची भाषा किती वेगळी होते ते या दोन गाण्यांत ऐकून बघा.

‘शुक्रतारा’ हे द्वंद्वगीत आहे, म्हणून तिथे प्रश्न दोनदा विचारावा लागतो. तो म्हणतो, ‘तू अशी जवळी रहा’. ती उत्तर देताना ओळ तीच म्हणते, फक्त ‘अशी’चं ‘असा’ होतं. बदल केवढा, तर एका अक्षराचा. पण त्याचं मागणं तिच्याकडून परत आल्याशिवाय हे गाणं पुरं होत नाही. एकट्या गायकाने म्हटलेलं ‘शुक्रतारा’ मला म्हणूनच कधी पुरेसं वाटलं नाही.

चित्रपटगीत असेल तर चौथा प्रश्नही विचारा: बाजूला कोण आहे? ‘का रे दुरावा, का रे अबोला’ हे गदिमांचं गाणं ‘मुंबईचा जावई’ या 1970 सालच्या चित्रपटातलं, संगीत बाबूजींचं, आवाज आशा भोसल्यांचा. मुंबईतल्या दाटीवाटीच्या घरात नव्या जोडप्याला एकांतच मिळत नाही, हा त्या चित्रपटाचा विषय आहे. हे माहीत झाल्यावर त्या आवाजातला जपून, हलक्याने बोललेला सूर वेगळाच लागतो. रुसवासुद्धा आवाज न करता काढायचा, अशी ती जागा आहे.

आणि काही गाण्यांत समोर कुणीच नसतं. ‘स्वर आले दुरुनी’ मध्ये माणूस एकटा आहे, लांबून सूर ऐकू येतात आणि आठवणी जुळत जातात. तिथे ‘ऐकणारं कोण’ या प्रश्नापुढे रेघ मारायची आणि तो एकटेपणा ऐकायचा.

पहिल्या गाण्याकडे एकदा परत जाऊ. ‘तोच चंद्रमा’ची कल्पना शीलाभट्टारिका या कवयित्रीच्या नावावर असलेल्या एका संस्कृत श्लोकातून आली आहे. मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त तो श्लोक आहे. तिथे बोलणारी बाई आहे: नवरा तोच, चैत्रातल्या रात्री त्याच, वारा तोच, मीही तीच, पण मन मात्र रेवेच्या काठावरच्या त्या वेताच्या झाडाखाली धाव घेतंय. शांता शेळक्यांनी मराठीत आणताना बोलणारा पुरुष केला. संस्कृतातली बाई हरवलेली जागा आठवते. मराठीतला पुरुष प्रेयसी समोर बसलेली असताना काहीतरी शोधतोय आणि ते त्याला मिळत नाही. ‘बोलणारं कोण’ हा एक प्रश्न बदलला आणि हुरहुर होती तिथे रितेपण आलं. एका कवयित्रीने हे केलंय, यावर मी अजूनही विचार करते.

4. आता चाल ऐका, ती मुखड्याकडे कशी परततेय ते ऐका

संगीत शिकलेलं नसलं तरी एक गोष्ट कुणालाही ऐकू येते: अंतरा संपून ध्रुवपद, म्हणजे मुखडा, परत येतं ती जागा. अंतऱ्यात चाल बहुधा वर चढते आणि मग एखाद्या ओळीवरून खाली उतरत मुखड्याला मिळते. ही उतरण कशी केलीय त्यावर मी संगीतकार ओळखायला शिकले. तबल्याच्या ठेक्यावर बोट धरा, कोणत्या शब्दावर सम, म्हणजे ठेक्याची पहिली मात्रा, येते ते वहीत खूण करा. बहुतेक वेळा तो शब्द कवितेतलाही सगळ्यात जड शब्द असतो.

दोन अंतऱ्यांमधले वाद्यांचे तुकडे पुढे ढकलू नका. त्या मोकळ्या जागेत बोलणारं माणूस श्वास घेत असतं. बासरी, व्हायोलिन, सतार यांपैकी काय वाजतंय एवढं ओळखलं तरी पुरे.

5. एकच गाणं दोन गळ्यांतून

‘सखी मंद झाल्या तारका’ पुणे आकाशवाणीसाठी आधी भीमसेन जोशींनी गायलं आणि पुढे बाबूजींच्या आवाजात ते घराघरांत पोचलं. दोन्ही ऐकायला मिळतात. एका रात्री एक, दुसऱ्या रात्री दुसरं, असं ऐका. लागोपाठ ऐकलं की आपण गुण द्यायला बसतो, आणि तसं ऐकण्यात काही हाती लागत नाही. भीमसेनजींच्या गळ्यात रात्रीचा पसारा मोठा होतो. बाबूजींकडे तो प्रश्न कुणीतरी खिडकीत बसून विचारल्यासारखा जवळचा वाटतो. मला बाबूजींचं जास्त भिडतं, कारण त्यांचा प्रत्येक शब्द सुटा, स्वच्छ ऐकू येतो. माझ्या बाबांचं मत उलट आहे आणि तेही मला पटतं.

6. गझल आली की ओळखा

सुरेश भटांच्या काही गाण्यांना वेगळा कान लागतो, कारण त्या गझला आहेत. ‘केव्हातरी पहाटे’ लिहून काढा आणि ओळींचे शेवट बघा. ‘रात्र गेली’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात, हा रदीफ. त्याच्या आधीचे शब्द बघा: उलटून, हरवून, फसवून, बदलून, सुचवून. हा काफिया. प्रत्येक शेर स्वतंत्र असतो, त्यामुळे इथे तिसऱ्या पायरीवरचा ‘एकच क्षण’ शोधत बसू नका, प्रत्येक दोन ओळींना वेगळी वेळ द्या.

मात्र एक गोष्ट बघा. या सगळ्या क्रियापदांमागे उभी आहे ती रात्र. फसवते रात्र, कूस बदलते रात्र, शेवटची ओळ सुचवून जाते तीही रात्रच. प्रियकराला कुठे बोल लावलेला नाही. आशा भोसले दर वेळी ‘रात्र गेली’ म्हणतात तेव्हा तेच दोन शब्द वेगळ्या भावनेने येतात का, ते ऐका. मी वहीत प्रत्येकापुढे एकेक शब्द लिहिला होता: चुटपुट, ओढ, कबुली, असं काहीबाही. तुमचे शब्द वेगळे निघतील.

7. नवखे कुठे फसतात

*चुकीची नावं.* इंटरनेटवर गाणं चढवणाऱ्याने लिहिलेली नावं खरी मानू नका. एका नामवंत ॲपवर मला कवीच्या जागी संगीतकाराचं नाव मिळालं होतं आणि मी ते जाहीर कार्यक्रमात वाचून दाखवलं. समोर जाणकार बसले होते, त्यांनी नंतर हळूच सांगितलं. तेव्हापासून दोन ठिकाणी पडताळल्याशिवाय मी वहीत शाईने लिहीत नाही.

*गाण्यांच्या जन्मकथा.* मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांतल्या कथांपासून सांभाळा. ‘तरुण आहे रात्र अजुनी’ बद्दल शहीद जवानाच्या पत्नीची एक कथा फिरत असते. ती बाजूला ठेवून गाणं ऐका. गाण्यातली बाई जागी आहे आणि शेजारचा तिचा माणूस झोपी गेलाय. हाताच्या अंतरावरचा माणूस लांब गेल्याचं हे दुःख आहे, ते मोठं करायला बाहेरून कथा आणावी लागत नाही.

*संथ केलेल्या, घुमवलेल्या आवृत्त्या.* आधी मूळ ध्वनिमुद्रण ऐका. एच. एम. व्ही.च्या जुन्या तबकड्यांचा साठा आज सारेगामाकडे आहे, तिथली आवृत्ती सहसा मूळ असते. वेग बदलला की व्यंजनं सैल होतात आणि ठेक्याशी असलेलं शब्दांचं नातं तुटतं.

*एका बैठकीत पन्नास गाणी.* याने सगळी सारखी वाटतात. आठवड्याला दोन पुरतात.

*अर्थ एकदा ठरवून टाकणं.* ‘जिवलगा राहिले रे दूर घर माझे’ मध्ये जिवलग कोण? प्रियकर म्हणून ऐका, गाणं उभं राहतं. देव म्हणून ऐका, तरी उभं राहतं. शांताबाईंनी दार दोन्हीकडे उघडं ठेवलंय, आपण एक बंद करू नये.

*जुनं आहे म्हणून मान डोलावणं.* काही गाणी तुम्हाला भिडणार नाहीत, त्यांना नाही म्हणा. काहींत बाईचं चित्रण आज खटकेल, तेही वहीत लिहा. एखादं गाणं नावडलं आणि का नावडलं हे सांगता आलं, तर आवडलेल्या गाण्याबद्दलही नीट बोलता येतं.

8. पहिल्या दोन महिन्यांचा क्रम

मी आज नव्याने सुरुवात केली तर असा क्रम लावेन. पहिले दोन आठवडे द्वंद्वगीतं, कारण तिथे कोण कुणाशी बोलतंय ते लगेच कळतं: ‘शुक्रतारा मंद वारा’ आणि ‘धाकटी बहीण’ चित्रपटातलं ‘धुंदी कळ्यांना’. मग एकटा आवाज, पण समोर कुणीतरी असलेला: ‘दिसलीस तू, फुलले ऋतू’, ‘चांदण्यात फिरताना’. मग वाट बघण्याची आणि आठवणींची: ‘सखी मंद झाल्या तारका’, ‘भेट तुझी माझी स्मरते’, ‘स्वर आले दुरुनी’. ‘तोच चंद्रमा’ आणि ‘केव्हातरी पहाटे’ सगळ्यात शेवटी.

‘भातुकलीच्या खेळामधली’ मुद्दाम यादीबाहेर ठेवलंय. ते तुम्ही ऐकलेलंच असेल, कदाचित एखाद्या साखरपुड्यातही. आता वही घेऊन पुन्हा ऐका आणि राजा शब्दांवाचून काय समजलो म्हणतो, राणी त्यावर काय म्हणते, आणि डाव नेमका कधी मोडतो ते बघा.

9. मोठ्यांना विचारा, पण प्रश्न नीट विचारा

‘तुमचं आवडतं गाणं कोणतं?’ असं विचारलं की सगळे तीच चार नावं सांगतात. त्याऐवजी ‘हे पहिल्यांदा कुठे ऐकलंत?’ असं विचारा. मी मावशीला ‘दिवस तुझे हे फुलायचे’बद्दल असं विचारलं. ती म्हणाली, आकाशवाणीवर ‘आपली आवड’ लागायचं, पत्र पाठवून गाणं मागवायचं. तिच्या होणाऱ्या नवऱ्याने, म्हणजे माझ्या काकांनी, ते मागवलं होतं, आणि निवेदकाने नावं वाचली तेव्हा ती स्वयंपाकघरात कणीक मळत होती. हात पिठाचे, रेडिओ बाहेरच्या खोलीत, आजोबा रेडिओच्या शेजारी. “आवाज वाढव असं म्हणायची सोय नव्हती,” ती म्हणाली, “म्हणून मळणं थांबवून नुसती उभी राहिले.”

मी ते वहीत त्या गाण्याच्या पानावर लिहून ठेवलंय, तीन नावांच्या खाली.